बिनखिडकीचा पडदा

नवं घर बांधताना कंत्राटदाराने समुद्रावरची रेती न धुताच वापरली होती. वर्षभरातच भिंतींना मीठ फुटलं. स्लॅबमधल्या सळ्याही गंजल्यात, घर पाडावंच लागेल, असं दुसऱ्या मिस्त्रीने आरिफाला सकाळी सांगितलं. कुवेतहून नवऱ्याचा व्हिडिओ कॉल आला, तशी ती भिंतीवर लावलेल्या पडद्यापुढे जाऊन बसली.

“खिडकी नाय थंय पडदो कित्याक गो?” जमाल हसला.

“फॅशन आसा.” मग तिने धीर गोळा केला. “तुमका एक सांगूचा होता.”

“आधी माझा आयक. नोकरी सोडलंय. आता मरेपर्यंत त्याच घरात रवतलंय.”

पडद्याआड प्लास्टरचा पोपडा गळून पडला.

“काय पडला गो?”

“कांय नाय,” आरिफा म्हणाली. “मांजर.”