उकंडरावांच्या मरणाची कंडी

"मी मेलो म्हणून सांगजो, पण तोंड पाडून सांगजो," उकंडरावांनी सईदला बजावलं. "हसला तर गीता लगेच वळखीन."

सकाळी खळ्यावर त्यांच्या डोक्यावर कावळा बसून गेला होता. असं झालं की मरण मागे लागतं. मग मेल्याची खोटी खबर धाडून जवळच्या माणसाला खरोखर रडवायचं, म्हणजे ते टळतं. दिवस मावळायच्या आत कोणी रडलंच पाहिजे; तोवर सुतकाच्या घरासारखी त्यांच्या बायकोने, आशाबाईंनी, चूलही पेटवली नव्हती. बांगडीवाला सईद खामगावमार्गे वडनेरच्या बाजाराला निघालाच होता, आणि उकंडरावांची एकुलती बहीण गीता वडनेरलाच दिलेली.

सईद गेला. उकंडराव पारावर येऊन बसले.

"कोणी उठवली ते ठाऊक नसते, ती अफवा," ते तिथे बसलेल्या वामनरावांना समजावू लागले. "जाणून पिकवतात, ती कंडी. एकाचं दुसऱ्याच्या कानात घालतात, ती चुगली."

"मंग तुमचं हे काय होय?"

"हे औषध होय, वामनराव! उद्या पाह्यजा, गीता मले शिव्या द्यायले येते का नाही."

संध्याकाळच्या एसटीतून गीताचे दीर जानराव उतरले. पारावर उकंडराव दिसताच त्यांना हुंदका फुटला.

"अहो, जित्ता आहो मी!" उकंडरावांनी त्यांना मिठीच मारली. "कावळा बसला होता डोक्यावर, म्हणून धाडली खबर. माफ करा, जानराव."

"भाऊ..." जानरावांनी त्यांचा हात घट्ट धरला.

"गीता काऊन नाही आली? रागावली असन. का मागून येऊन राह्यली?"

जानराव दुपट्ट्यात तोंड खुपसून खालीच बसले.

आशाबाई धावत आल्या. "रडले ना? खरंच रडले?" पाहुण्याचे ओले डोळे पाहून त्यांनी आभाळाला हात जोडले. "टळलं व माय!" म्हणत त्या चहासाठी चूल पेटवायला घरात पळाल्या.

एसटीच्या टपावरून पेटी उतरवून सईद पाराशी आला. त्याची मान खाली होती.

"उकंडभाऊ, नाराज नका होऊ. गाडी रस्त्यातच बंद पडली. खामगावले वडनेरची एसटी हुकली, तसाच वापस आलो. तुमची खबर मी कोणालेच सांगतली नाही."