गेथिनचा उपप्रश्न

“नाही जमणार, मिस्टर प्यू,” गेथिन रोलंड्स घड्याळाकडे बघत म्हणाला. “माझा प्रश्न कधीच दाखल झालाय. आता त्यात बदल नाही होत.”

“पण उपप्रश्न तर तुला हवा तो विचारता येतो ना? दारावरच्या शिपायाला विचारून आलोय मी.”

गेथिन हसला. या पोराला अकराव्या वर्षी रग्बीचा चेंडू धरायला इडवल प्यूनेच शिकवलं होतं. आता तो कुम ग्वेर्न खोऱ्याचा आमदार होता आणि वेल्समधल्या कार्डिफच्या विधानभवनातल्या उपाहारगृहात, समोरच्या चहाला हातही न लावता, उठायच्या बेतात होता.

“अहो, मुख्यमंत्री माझ्याच पक्षाच्या. आपल्याच सरकारला चिमटा काढायचा नसतो. गुदगुल्या करायच्या असतात.”

“ऑल्वेन मरेल रे, गेथिन.”

हे मात्र खरं होतं. त्याच्या बायकोची, ऑल्वेनची, दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, आणि इस्पितळ चाळीस मैलांवर. रुग्णांना नेणारी गाडी या शुक्रवारपासून बंद, असं दोन ओळींचं पत्र आलं होतं. नजर अधू झाल्यापासून इडवलचा गाडीचा परवाना गेला होता. दोन बस बदलून जायचं तर परतीची शेवटची बस तिचं यंत्र सुटण्याआधीच निघून जायची. इडवलने अकरा पत्रं लिहिली. अकरांनाही छापील उत्तरं आली.

“मी आतून शब्द टाकतो,” गेथिन उठत म्हणाला. “मिसेस प्यूंना माझी आठवण सांगा.” आणि तो गेलासुद्धा.

इडवलने गेथिनचा गार झालेला चहा स्वतःकडे ओढला. घरी काय तोंड दाखवायचं, हे त्याला कळेना.

शेजारच्या टेबलावर एक मध्यमवयीन बाई घशाची गोळी चघळत बसली होती. गळ्यात ओळखपत्र होतं, म्हणजे इथलीच कुणीतरी कर्मचारी. तिने सगळं ऐकलं असावं.

“कुठल्या दिवशी जाता?” तिने बसक्या आवाजात विचारलं.

“सोमवार, बुधवार, शुक्रवार.” आणि मग, बांध फुटल्यासारखा, इडवल बोलतच सुटला. “काल तिने इस्पितळात न्यायची पिशवी रिकामी केली. आतलं पांघरूण धुऊन, घडी करून कपाटात ठेवलं. म्हणाली, ‘इडवल, आता पुरे. तुझी वणवण बघवत नाही मला.’ पन्नास वर्षांचा संसार, आणि ही बाई घडी करून ठेवते!”

बाईने मान हलवली. घड्याळ बघितलं, पाण्याची बाटली उचलली आणि निघून गेली. लोकांना दुसऱ्याचं दुःख ऐकायला आवडतं, पुढे काही करायला नको असतं, असं मनाशी म्हणत इडवल प्रेक्षकांच्या सज्जात जाऊन बसला. परतीच्या गाडीला अजून वेळ होता.

गेथिन सभागृहात हटकून वेल्श भाषेत बोलायचा. कॅमेऱ्यात ते चांगलं दिसतं. इडवलच्या घरातली वेल्श आजीबरोबरच गेली होती, म्हणून त्याने दुभाष्याचं इंग्रजी ऐकायला खुर्चीवरचा हेडफोन लावला. खाली मुख्यमंत्री मिसेस प्रॉसर यांनीही लावला. त्यांनाही वेल्शचा गंध नव्हता.

गेथिनचा दाखल प्रश्न होता कुम ग्वेर्नमधल्या वाहतूकसेवेबद्दल. मिसेस प्रॉसर यांनी कागदावरचं गुळगुळीत उत्तर वाचलं. गेथिन उपप्रश्नाला उठला. इडवलने डोळे मिटून घेतले.

“माझ्या खोऱ्यात ऑल्वेन प्यू नावाची बाई आहे,” कानातला बाईचा बसका आवाज म्हणाला. “सोमवार, बुधवार, शुक्रवार. या तीन दिवसांवर ती जगते. या शुक्रवारपासून तिची गाडी बंद आहे. काल तिने इस्पितळाची पिशवी रिकामी केली आणि पांघरूण घडी करून ठेवलं. मुख्यमंत्र्यांनी मला नको, तिला उत्तर द्यावं. गाडी येणार की नाही?”

इडवलने डोळे उघडले. गेथिन केव्हाच खाली बसला होता. कानातला आवाज नेहमी बोलणाऱ्याच्या दोन पावलं मागे चालतो, हे शिपायाने सांगितलंच होतं. हेडफोन लावलेले सगळे सदस्य ताठ झाले होते. आपल्याच माणसाने सरकारला धारेवर धरलं होतं, ताठ होणारच!

मिसेस प्रॉसर यांनी हातातला कागद बाजूला ठेवला. त्यांचा चेहरा उतरला होता.

“माझ्याकडे याचं तयार उत्तर नाही,” त्या म्हणाल्या. “पण शुक्रवारी ऑल्वेन प्यू यांच्या दारात गाडी उभी असेल. आणि त्यानंतरही. हा माझा या सभागृहाला शब्द आहे.”

बाक वाजले. हेडफोन न लावलेले चारपाच जण मात्र एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले. गेथिन तर आ वासून बसला होता. स्वतःच्या धाडसाने माणूस असा गांगरतो, असं इडवलला वाटलं आणि त्याला त्या पोराबद्दल भडभडून आलं.

जिना उतरून त्याने गेथिनला गाठलं आणि त्याचे दोन्ही हात घट्ट धरले. 

“मघाशी मी तुला मनातल्या मनात फार शिव्या घातल्या रे. माफ कर. माझी ऑल्वेन वाचवलीस तू.”

गेथिनने आजूबाजूला पाहिलं आणि त्याला खांबाआड ओढलं.

“मिस्टर प्यू, शब्द नोंदीत गेलाय, आता तो कुणाला फिरवता येत नाही. म्हणून हे फक्त तुम्हाला सांगतो, कुणाजवळ बोलू नका,” तो कुजबुजला. “मी बसथांब्याच्या गळक्या छपराबद्दल विचारलं होतं.”