घोंगडं
स्टिरॉइडच्या इंजेक्शननं आईचा गुडगा असा मोकळा झाला, की दोन महिने ती मेंढरांमागं मंगळवेढ्यापतूर हिंडली. आता परत जाम झाला, म्हनून तिला सोलापुरात डाक्टरांकडं आनली. "सायेब, म्हातारीचं ऑइल संपलंय, टाका की नवं," मी हसत म्हनलो. डाक्टर हसले न्हाईत. "आजी, इतक्या लवकर पुन्हा दिलं तर सांधा आणखी झिजेल. त्यात तुमची शुगर तीनशे. आत्ता नाही देता येणार." "मग मेंढरं कोन चारनार? इकू व्हय?" आई म्हनली. तिनं काखेतलं घरच्या लोकरीचं काळं घोंगडं टेबलावर ठेवलं. डाक्टरांनी ते हळूच माघारी सरकवलं. आईनं माजी बाही ओढली. "कमी पडलं व्हय त्यास्नी? उद्या मेंढा आनून बांधते, म्हनावं की."