आई कुठल्या ओळीत?

धाकटीचं लग्न झालं त्या वर्षी, उतारवयात, मी वाचायला शिकलो. उपवासकाळाच्या चौथ्या रविवारी बायकोला बायबलमधली उधळ्या पुत्राची गोष्ट बोट ठेवून वाचून दाखवली. घर सोडून गेलेला मुलगा परततो, बाप धावत जाऊन त्याला मिठी मारतो.

"आणि आई?"

"आई नाहीये यात."

"मुलगा येतोय आणि आई घरात नाही, असं कुठं असतं? आत्ता कुठं बाराखडी संपली तुमची, एखादी ओळ गिळली असेल. परत वाचा."

आमच्या थोरल्याला घर सोडून नऊ वर्षं झाली होती. मी तीनदा वाचलं.

थोरला पुढच्या वर्षी पास्काला, ईस्टरच्या सणाला आला. वळणावर दिसला तसा मी अनवाणी धावत सुटलो. त्याची आई साडेसहा आठवड्यांपूर्वी, उपवासकाळाच्या पहिल्याच दिवशी, राखेच्या बुधवारी वारली होती.