कडब्याचा आवाज

जुलैच्या दहा तारखेपासून मोहोळकडं पाऊस नाही.

डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही. वाकायचं नाही. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून शिंकायचं.

अक्कलकोट रोडच्या टॉवेलच्या कारखान्यात बारा माग आहेत. या आठवड्यात त्यातल्या एकावर बदली माणूस उभा आहे.

बाभळीची एक फांदी, बांधावर आडवी.

जोंधळा पाण्यावाचून लगेच मरत नाही. पानांच्या सुरळ्या करतो, वाढायचं थांबवतो आणि वाट बघत बसतो.

गाय सातव्या महिन्याची गाभण.

सकाळी सव्वासातला शुक्रवार पेठेतल्या खोलीत मथुराबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन परवाच झालेलं, त्यावर पट्टी. उजव्यातला मोतीबिंदू अजून काढायचा होता. त्यातून खिडकी नुसती उजेड म्हणून दिसायची. त्या बऱ्या होईपर्यंत वस्तीवरच्या गाईचं बघायला त्यांचा मुलगा अभिमन्यू मागावरची रजा टाकून मोहोळच्या पुढं गेला होता.

सुनेनं, संस्कृतीनं, फोन त्यांच्यासमोर धरला. व्हिडिओ कॉल होता. मथुराबाई म्हणाल्या, मला काय दिसतंय, कानाला लाव. संस्कृती हसली. व्हिडिओ कानाला लावत नाहीत आत्या, म्हणाली आणि आवाज मोठा केला.

अभिमन्यू खुशीत होता. शेण काढलं, पाणी दाखवलं, तांबडीनं काल लाथ मारली पण आज ओळखायला लागली, असं सगळं त्यानं एका दमात सांगितलं. खाती का नीट, मथुराबाईंनी विचारलं.

"खाती म्हंजे? मान वर करंना. तूच ऐक की," म्हणत त्यानं फोन गव्हाणीजवळ नेला.

मथुराबाई ऐकू लागल्या. घंटीची किणकिण आली. साखळी दगडाला घासली. एक माशी जवळून गेली. संस्कृती गप्पच होती, तरी त्यांनी हात वर करून तिला गप्प केलं.

गाय वाळका कडबा खाते तेव्हा घरभर ऐकू येतं. जबड्यात सारखं काहीतरी मोडत असतं. चाळीस वर्षं मथुराबाई गोठ्याच्या भिंतीला लागून झोपत आल्या होत्या; अंथरुणातूनच सांगायच्या, आज हिनं निम्माच खाल्ला. फोनमधून मोडल्याचा आवाज येत नव्हता.

"अभ्या, आवाज का येईना रं?"

"रेंज नसंल."

"घंटीचा येतोय की."

मथुराबाईंनी मान सुनेकडं वळवली.

"संस्कृती, गव्हाणीत काय हाय? रंग सांग."

"हिरवंगार आहे, आत्या." संस्कृतीच्या आवाजात कौतुक होतं. "उसासारखी पानं आहेत."

मग अभिमन्यूनं सांगून टाकलं. शेताच्या खालच्या पट्टीत चाऱ्यासाठी पेरलेला जोंधळा होता तो. गुडघ्याएवढाच, खुरटलेला, पण सगळं शिवार पिवळं पडलं तरी तेवढाच हिरवा राहिलेला. गाभण जनावर रोज वाळकं चघळतंय हे त्याला बघवलं नाही. दोन पेंढ्या कापल्या. आई पट्टी राखून ठेवते हे त्याला ठाऊक होतं, नंतर बोलणी खायची तयारी होती. एक दिवस तरी गाईला गोडधोड नको का, असं तो म्हणाला.

तो निघताना मथुराबाईंनी बजावलं होतं, कडबाच टाक, पट्टीकडं जाऊ नको. का, ते सांगितलं नव्हतं. तहानेनं खुरटलेल्या कोवळ्या जोंधळ्यात विष असतं. पाऊस होऊन पीक फुलोऱ्यात आलं की ते ओसरतं, तोवर जनावराला त्याला तोंड लावू द्यायचं नाही. त्यांना स्वतःला हे कुणी सांगितल्याचं आठवत नव्हतं. वस्तीवर ते कुणाला सांगावं लागत नसे. अभिमन्यू सोळाव्या वर्षीच मागावर गेला होता.

"गव्हाण मोकळी कर," त्या म्हणाल्या. "पैल्यांदा ती मोकळी कर. मग गूळ कालवून पाज. आन् डॉक्टरला बोलीव. खुरटा जोंधळा खाल्लाय म्हणून सांग, तेवढं त्याला कळतंय."

"झालं काय पण?"

"किती खाल्लं तिनं?"

"आता... दुसरी पेंढी संपत आली की."

पलीकडं पावलं धावली. डबा पडला. फोन त्यानं कुठंतरी उताणा ठेवला असावा. नुसता पत्रा दिसतोय, असं संस्कृतीनं सांगितलं. गूळ कुठल्या डब्यात, तो लांबून ओरडला. चुलीच्या वरच्या फळीवर, निळ्या झाकणाच्या, मथुराबाईंनी सांगितलं. मग पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना त्या उभ्या राहिल्या होत्या आणि एका हातानं भिंत चाचपत होत्या.

श्वास ऐकू येऊ लागला. अभिमन्यूचा नव्हता. लांब, ओढून घेतल्यासारखा. घंटी जोरजोरात वाजली, साखळीला हिसका बसला आणि काहीतरी जड जमिनीवर आलं.

घंटी थांबली.

"अभ्या," मथुराबाई म्हणाल्या. "घंटी वाजू दे रं. हलव तिला."

पत्र्यावर ऊन आलं होतं. संस्कृतीनं तेवढंच सांगितलं.

त्याच सकाळी सहा वाजता, खालच्या पट्टीच्या बांधावर आईनं आडवी टाकलेली बाभळीची फांदी बाजूला करताना अभिमन्यूच्या अंगठ्यात काटा मोडला होता. तो त्यानं दातानं काढला.