घोट्याचं फडकं

आग्या मोहोळ काढायला कड्यावरून उतरणाऱ्याचा दोर बायकोच्या भावानंच धरायचा, हा गावचा रिवाज. बहिणीचं कुंकू तो हातातून निसटू देत नाही. यंदा उतरायची पाळी अंकुशची. शेंद्रा एमआयडीसीतल्या कंपनीत शिडीवर चढतानाही त्याला घाम फुटायचा. कड्यावर त्यानं घोट्याला फडकं गुंडाळून पाय मुरगळल्याचं सांगितलं. “मग दोर तुमी धरा, दाजी,” म्हणत मेहुणा सांडूच उतरला. अंकुशला खाली बघवेना. डोळे मिटून त्यानं दोर धरला. ‘ओढा’ म्हणून हलणारा सांडूचा हात दिसलाच नाही. हाक ऐकून ओढलं तोवर माशा तुटून पडल्या होत्या. वर आलेल्या सांडूचा एक डोळा सुजून मिटला होता. त्यानं आधी अंकुशच्या घोट्याचं फडकं सोडलं. घोटा ठणठणीत होता. अंकुशला वर बघवेना. सांडूनं फडकं पुन्हा घट्ट बांधलं. “लई सुजलाय. ताईला असंच सांगू.”