बिनगाण्यांचा दुसरा भाग

मंचरच्या एका साप्ताहिकात मी दहा वर्षं चित्रपट परीक्षणं लिहितोय आणि दहा वर्षं थकतोय. उडणाऱ्या नायकाच्या सिनेमाचा दुसरा भाग आला, तोवर त्याची सात पॉप गाणी आळेफाट्याच्या प्रत्येक हॉटेलात दोन महिने वाजून झाली होती. मी कानात घालायला कापूस घेऊनच मंचरच्या टॉकीजमध्ये बसलो. पडद्यावर मात्र एकही गाणं आलं नाही. नायक उडाला, लढला, जिंकला आणि दोन तासांत आम्ही सुटलो. आयुष्यात पहिल्यांदा मी एका सिनेमाची स्तुती लिहिली : 'गाणी कॅसेटपुरतीच ठेवण्याचं धाडस दिग्दर्शकाने दाखवलं आहे.'

आठवड्याने टॉकीजचा ऑपरेटर रत्नदीप घरी आला.

"सर, तुमचं लिहिलेलं वितरकाच्या माणसानं वाचलं. आमची सात गाणी कुठं गेली म्हणून इचारत आला. मालकानं मला कामावरनं काढलं."

"म्हणजे गाणी तू कापलीस?"

"शिनोलीची शेवटची एसटी पावणेनवाला सुटती. गाणी ठेवली तर निम्मी माणसं शेवटच्या मारामारीआदीच उठून जात्यात. एरवी दोन-तीन गाणी कापून भागतं, हा पिच्चर लई लांब व्हता."

"अरे, पण मी तर कौतुकच केलं होतं."

रत्नदीप चपला घालत म्हणाला,

 

"व्हय ना सर. दहा वर्षांत तुमाला एकच पिच्चर आवडला, आन् तो मी कापलेला."